मंडळीसाठी गीतं लिहायची कार्यशाळा : एका पेटीवाल्याचा अभिप्राय

बाराशे रुपये. राहणं-जेवण त्यातच. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. विषय एकच : चर्चच्या उपासनेत सगळ्या मंडळीला, म्हणजे जमलेल्या साऱ्या लोकांना, गाता येतील, गावीशी वाटतील अशी गीतं कशी लिहायची आणि त्यांना चाली कशा बांधायच्या. नगरजवळच्या एका रिट्रीट सेंटरात भरली होती. मी जाऊन आल्यापासून आसपासच्या मंडळ्यांतले बरेच जण विचारतात, "जावं का हो?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळलो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जा. शनिवारी दुपारी जेवण करून डोळा लागला तर खुशाल झोपा, फार काही बुडत नाही. मात्र शनिवारची सकाळ आणि रविवारची चाचणी चुकवलीत, तर पैसे पाण्यात गेले समजा.

माझ्याबद्दल एवढंच की तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे आणि रविवारी मंडळीत मी पेटी वाजवतो. गीतंही लिहितो, नाताळ, कापणीचा सण, कुणाचं लग्न, जशी मागणी तसा पुरवठा. गायक मी नाही. पण पुढे माइक धरून डोळे मिटून गाणाऱ्याला जे कळत नाही ते पेटीवाल्याला कळतं : मंडळी नेमक्या कुठल्या ओळीला गप्प होते. ओठ हलत राहतात, आवाज जातो. दर रविवारी हे ऐकतो आणि वर्षानुवर्षं त्याचं कारण "लोकांचा सराव नाही" असंच ऐकत आलोय. या कार्यशाळेची मोठी गोष्ट ही की तिथे कुणी लोकांना दोष दिला नाही. दोष गाण्यात शोधायचा, असा पहिल्या दिवसापासून रिवाज ठेवला होता.

शुक्रवारची संध्याकाळ ओळखपरेडीत गेली. पुण्याची गिटारवाली पोरं, वसईचे दोन कॅथलिक गृहस्थ, जालन्याकडचे एक पाळकसाहेब, शेवगावच्या एक मावशी (शेतात रोजानं जातात, रविवारी महिला मंडळ चालवतात), बाकी आमच्यासारखे नगर, राहुरी, श्रीरामपूरकडचे. प्रत्येकानं साक्ष दिली, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगितला, आणि जेवायला रात्रीचे साडेनऊ झाले. आयोजकांनी हे आवरायला हवं.

शनिवारी सकाळी चालीचे सर आले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. साठीच्या पुढचे, शास्त्रीय शिकलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. आल्याआल्या त्यांनी पेटी ओढली आणि खोलीतल्या प्रत्येकाला, अगदी चहा घेऊन आलेल्या पोरालासुद्धा, दोन सूर काढायला लावले : जिथवर खाली सहज जाता येतं तो आणि जिथवर न ओरडता वर जाता येतं तो. फळ्यावर खुणा करत गेले. शेवटी सगळ्यांच्या खुणांत सामाईक पट्टा किती उरला? मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत (पांढरी एक म्हणजे पेटीवर सप्तकाची पहिली पांढरी पट्टी, इंग्रजी सी; काळी एक म्हणजे पहिली काळी, असं पुढे). एक सप्तक आणि फार तर वर एखादा सूर. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात, एवढाच फरक. सर म्हणाले, "एवढंच रान आहे तुमच्याकडे. यात काय पेरायचं ते पेरा."

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी एकटा बाराशे रुपये दिले असते. आपण पेटीवाले पट्टी ठरवतो ती गाणाऱ्याच्या गळ्यावरून. काळी एक म्हणजे पुरुष, काळी चार म्हणजे बाई, झालं. सरांचं म्हणणं, मंडळीच्या गाण्यात आधी चाल कुठून कुठवर फिरते ते बघा, मग सा ठरवा. चाल मध्य सा ते तार सा (मधल्या सप्तकाचा सा ते त्याच्या वरचा सा) अशी फिरत असेल तर पांढरी एक किंवा काळी एक. पण चाल मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) मध्य पंचमापर्यंत फिरत असेल, म्हणजे सा मधोमध असेल, तर पांढरी चार. दोन्ही वेळा गळा त्याच पट्ट्यात राहतो. हे ऐकल्यावर आमच्या मंडळीतली निम्मी गायनं डोळ्यांसमोरून गेली. मंद्र पंचमापासून उठणारी एक जुनी चाल आम्ही वर्षानुवर्षं काळी एकमध्ये घेतो आणि पहिल्या ओळीला बायकांचा आवाज तळघरात जातो. परवाच्या रविवारी पांढरी चारमध्ये घेतली. कुणाला न सांगता. वडील मंडळींपैकी एकानं नंतर विचारलं, "आज क्वायर मोठा होता का?"

यूट्यूबवर गाजलेलं गीत मंडळीत का बसत नाही, याचंही उत्तर इथेच निघालं. तिथे एक तयारीचा गळा असतो. कडवं खालच्या सुरात, कुजबुजल्यासारखं, आणि ध्रुपद (कडव्यांमागे पुन्हा पुन्हा येणारा भाग) एकदम सप्तकभर वर. ऐकायला अंगावर काटा येतो. पण दीड सप्तकाचं ते गाणं शंभर माणसांपुढे ठेवलं की कडव्यात बायका हरवतात आणि ध्रुपदात पुरुष. उरतो माइकवाला.

वसईचे काका गप्प बसणारे नव्हते. म्हणाले, "मग सायलेंट नाइट या नाताळगीताचं काय? ते तर अकरा सुरांत फिरतं, आणि अख्खं जग गातं." सरांनी लगेच मान्य केलं. १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला ते पहिल्यांदा गायलं गेलं, ते मुळात दोन गळे आणि एक गिटार यांच्यासाठीच होतं. योझेफ मोर या पाद्र्याचे शब्द, फ्रान्झ ग्रुबरची चाल. आणि समूहाला काय दिलं होतं? कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी, फक्त पुन्हा म्हणायला. "आणि आजही," सर म्हणाले, "शेवटून दुसऱ्या ओळीचा तो वरचा सूर आला की पुरुष काय करतात बघा. मेणबत्तीकडे बघतात." लहानपणापासून कानावर पडलं म्हणून ते गाणं तरून जातं, तुमच्या नव्या गीताला ती सवलत मिळणार नाही.

बाकी सूचना त्यांनी भराभर दिल्या. चाल शक्यतो शेजारच्या सुरांवरून चालू द्या. उडी घ्यायचीच तर ओळीच्या सुरुवातीला घ्या, छातीत हवा असते तेव्हा. नवख्या गीतकारानं भूप रागापासून सुरुवात करावी, कारण त्यात मध्यम-निषाद नाहीत, अर्धस्वराचं अंतरच येत नाही, म्हणून न शिकलेला गळाही फारसा बेसूर होत नाही. भैरवीची भीती बाळगू नका, मराठी कानाला ती भजनातून पाठ आहे. ताल केहरवा, दादरा, भजनी. पुण्याच्या एका पोरानं सात मात्रांच्या रूपकात गीत बांधून आणलं होतं. छानच होतं. सरांनी सगळ्यांना टाळ्या धरायला सांगितलं आणि सातव्या मात्रेनंतर खोलीत जो काही गोंधळ उडाला त्यात त्या पोराचं उत्तर त्यालाच मिळालं. बिचारा हसला तरी.

ओळी-ओळींमधल्या जागेबद्दलही ते बोलले. ओळ संपली की श्वासाला दोन मात्रा सोडा. दोनच. आमच्याकडे तरुण संघ दोन कडव्यांच्या मध्ये गिटारचं एवढं मोठं काम करतो की मंडळी पुस्तक मिटून खाली बसायच्या बेतात येते. पुन्हा कधी उचलायचं ते कुणालाच कळत नाही. यावर मी जोरात मान हलवली, पुण्याच्या पोरांनी माझ्याकडे बघितलं.

चहानंतर शब्दांच्या बाई. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. हातात चष्मा, चष्म्यानंच फळ्याकडे बोट दाखवायच्या. त्यांनी थेट अभंगाला हात घातला. मोठा अभंग म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. शाळेत शिकलेलंच, पण त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला मंडळीला शिकवायला लागणार नाही, एवढंच लक्षात घ्या. चौथा चरण आखूड येणार हे वारीला न गेलेल्या माणसालाही माहीत असतं. तो तिथे टाळ वाजवायला तयारच असतो."

मग आमच्याच मातीतला इतिहास निघाला. अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती धर्मप्रचारकांची संस्था नगरला १८३१ साली आली. सुरुवातीला इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबून गायनं व्हायची. त्या चालींचे आघात मराठी शब्दांवर भलतीकडे पडायचे. ऱ्हस्व अक्षर ताणलं जायचं आणि दीर्घ चिरडलं जायचं. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी देशी चालींत गायनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. पुढे नारायण वामन टिळक आले. १८६१ चा जन्म, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, आणि नंतरची बरीच वर्षं नगरलाच. कवी म्हणून आधीच नाव असलेला माणूस, पण मंडळीसाठी लिहायला बसला तेव्हा अभंग, पद, ओवी यांच्याकडे गेला. बाईंचं म्हणणं असं की टिळकांची गायनं शंभर वर्षांनीही टिकून आहेत त्यात भक्तीचा वाटा आहेच, पण छंद आधीच लोकांच्या कानात होता याचाही आहे. आणि याच वाटेनं गोव्यात फादर स्टीफन्स त्यांच्याही कितीतरी आधी गेले होते. त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ ला राशोलला छापलं गेलं ते ओवीतच. माणूस इंग्लंडचा, पण ओवी दळणकांडण करणाऱ्या बाईलाही कळेल अशी.

इथे वसईच्या काकांनी पुन्हा हात वर केला (हे काका नसते तर कार्यशाळा निम्मी रटाळ झाली असती). म्हणाले, आमच्याकडे मिस्सा (कॅथलिक उपासना) मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या रोममधल्या मोठ्या सभेनंतर. परिषदेच्या १९६३ च्या दस्तऐवजानं मातृभाषेला आणि स्थानिक संगीताला दार उघडलं, त्याआधी लॅटिन. "आणि तरीही आमच्या आज्या घरी लग्नाची गाणी आपल्या बोलीतच म्हणायच्या. चर्चमध्ये गप्प, मांडवात खुल्या." बाईंनी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं.

इंग्रजांकडेही हेच झालं, असं बाईंनी दाखवलं आणि ते मला नवं होतं. अठराव्या शतकात आयझॅक वॉट्सनं बरीच गीतं आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या ओळींच्या साध्या मापात लिहिली. कारण त्या मापाच्या चाली लोकांना आधीच येत होत्या. पुष्कळांना वाचता येत नव्हतं, पुस्तकंही थोडी. मग एक जण ओळ सांगायचा आणि सगळे ती उचलायचे. कीर्तनात बुवांमागे झीलकरी उचलतात तसंच. एकच माप असलं की एक चाल येणाऱ्या मंडळीला दहा गीतं येतात. मी दुकानात बसून नंतर आमच्या गायनांच्या पुस्तकातली मापं मोजत होतो. गिऱ्हाईक क्रोसिन मागत होतं.

मग लिहायला बसवलं. वीस मिनिटं, एक कडवं, विषय कापणीचा सण. एका तरुणानं वाचलं :

अगम्य तव कृपासिंधूत निमज्जित मम अंतःकरण

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून भाकऱ्या करणाऱ्या ताईंना बोलावलं आणि म्हणाल्या, "ताई, हा भाऊ एकदा म्हणतोय, तुम्ही मागून म्हणा." ताईंनी "अगम्य" पर्यंत धीर धरला, मग पदर तोंडाला लावला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पोराला शेजारी बसवून विचारलं, "तुला नेमकं काय झालंय ते मला साध्या बोलीत सांग." तो पुटपुटत राहिला. दहा मिनिटांनी कागदावर होतं :

तुझ्या दयेत शिरलो, देवा, काठ दिसेना मला

ताईंनी पहिल्या झटक्यात म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःहूनच "देवा" लांबवलं. माझ्या मते त्या दोन दिवसांतली ही सगळ्यात चांगली दहा मिनिटं.

शेवगावच्या मावशींनी कागद आणला नव्हता. त्यांनी म्हणूनच दाखवलं :

पहिली ओंजळ
ठेविली चरणी
तुझीच पेरणी
देवबापा

पाऊस तुझा रे
ढेकूळ भिजले
बियाणे रुजले
तुझ्या हाती

बाईंनी बोटांवर अक्षरं मोजली. सहा, सहा, सहा, चार. मावशींनी मोजून काहीच केलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "निंदताना म्हणतो तसंच म्हटलं."

यानंतर जालन्याच्या पाळकसाहेबांनी एक वाद काढला. हल्लीची निम्मी गीतं "मी"ची आहेत. मी रडलो, मी पडलो, मला उचललं. "दोनशे माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि प्रत्येक जण गातो की मी एकटा आहे!" बाईंनी तेविसावं स्तोत्र पुढे केलं, परमेश्वर माझा मेंढपाळ, सगळं "माझं"च आहे, आणि ते मंडळीनं हजारो वर्षं गायलंय. पाळकसाहेब म्हणाले, दावीद राजा होता, त्याला चालतं. वाद मिटला नाही. मी पाळकसाहेबांच्या बाजूचा आहे. कापणीच्या सणाला तरी "आम्ही" हवं. पेरणीला काय एकटा माणूस जातो?

आता शनिवारची दुपार. तरुण प्रशिक्षक, मुंबईच्या एका बँडमधला, स्वभावानं गोड. विषय : गीताचा ढाचा. व्हर्स, प्री-कोरस, कोरस, ब्रिज, पुन्हा ब्रिज, मग ढोल बंद करून कोरस, मग ढोल सुरू. पडद्यावर सगळं इंग्रजीत, आणि मध्ये लाइट गेली. मंचावर बसून ऐकणाऱ्यांसाठी हे सगळं बरोबर असेल. पण ब्रिजच्या चार ओळी आठ वेळा म्हणायच्या, तेही उभं राहून? आमच्या मंडळीत पहिल्या तीन बाकांवरच्या बायकांचे गुडघे मला माहीत आहेत. त्यांचं तेल आणि गोळ्या माझ्याच दुकानातून जातात. शिवाय मराठी गायनात ध्रुपद आणि कडवं एवढं पुरतं, कडव्याची शेवटची ओळ ध्रुपदाला आणून सोडते, वेगळा पूल बांधावा लागत नाही. हे तिथे कुणी बोललंच नाही. बाई तेव्हा वामकुक्षीला गेल्या होत्या, नाहीतर मजा आली असती.

त्या पोराची एक सूचना मात्र मी वापरतो. नवं गीत फोनवर वाद्याशिवाय रेकॉर्ड करायचं आणि घरातल्या एखाद्या माणसाला पाठवायचं. मत विचारायचं नाही. दोन दिवसांनी तो माणूस भांडी घासताना काही गुणगुणतोय का ते बघायचं, आणि कुठली ओळ गुणगुणतोय तेवढं टिपायचं.

कॉपीराइटवर फक्त अर्धा तास ठेवला होता, हा अन्याय आहे. एका वकील बंधूंनी सांगितलं ते थोडक्यात असं : भारतात १९५७ चा कायदा, लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क. टिळक १९१९ ला गेले, त्यांचे शब्द सगळ्यांचे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला कलम ५२ मध्ये सूट आहे, त्यामुळे रविवारी उपासनेत गायलं म्हणून कुणी पकडत नाही. पण तेच गीत पुस्तिकेत छापलं, भाषांतर करून अल्बम काढला, यूट्यूबवर टाकलं, की ती सूट गृहीत धरू नका, परवानगी घ्या. पुण्याच्या पोरांचं चॅनल आहे. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. सिनेमाच्या चालीवर गीत बांधायची आपली जुनी खोड आहे, तीही याच खात्यात. मागून एक आजी म्हणाल्या, "पण पटकन बसतं हो लोकांच्या तोंडात." खरं आहे. पण प्रार्थनेच्या वेळी नायिकेचा नाच आठवतो, तेही खरं.

रविवारची चाचणी. यासाठी जा.

जवळच्या एका गावच्या मंडळीनं परवानगी दिली होती. उपासना संपल्यावर चहाला थांबलेली माणसं, साधारण चाळीसेक, म्हातारी-कोतारी, संडेस्कूलची पोरं. आमच्यातली चार गीतं निवडलेली. (माझं निवडलं नाही. राग आला नाही असं म्हणणार नाही.) नियम कडक : लोकांच्या हातात कागद नाही, भिंतीवर प्रोजेक्टर नाही, माइक नाही. ज्यानं गीत लिहिलंय त्यानं गायचं नाही, शिकवायचं नाही. शेवटच्या बाकावर बसायचं आणि वही उघडायची. दुसरा कुणीतरी एक-एक ओळ सांगणार, लोक उचलणार. तिसऱ्या फेरीला सगळं सलग. आणि मग, लोक गात असतानाच, सर पेटी थांबवायला सांगणार. पेटीवर मी होतो.

पेटी थांबल्यावर गाणं चालू राहिलं का, एवढीच परीक्षा.

पहिलं गीत पुण्याच्या पोरांचं. ध्रुपद झकास उचललं गेलं. कडव्याच्या तिसऱ्या ओळीत एका श्वासात एकोणीस अक्षरं होती. बाराव्या-तेराव्याला आवाज विरळ झाला, मग नुसता पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेचा राहिला. मी पेटी थांबवली तेव्हा त्याही थांबल्या. शेवटच्या बाकावरच्या पोरानं वहीत त्या ओळीवर काट मारली, मला तिथून दिसलं. नंतर तो म्हणाला की घरी गिटारवर दोनशे वेळा म्हटली तेव्हा ती कधीच लांब वाटली नव्हती.

दुसरं गीत एका नगरच्या बाईंचं, उपवासकाळासाठी (ईस्टरआधीचे चाळीस दिवस), भैरवीतलं. हे वेगळ्याच कारणानं अडलं. शब्द सोपे, सूर पट्ट्यात, पण चारही कडव्यांची सुरुवात जवळजवळ सारखी, त्यामुळे कागदाशिवाय लोकांना कळेना की आपण दुसऱ्यात आहोत की तिसऱ्यात. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सरांनी सुचवलं की कडव्यांना येशूच्या शेवटच्या दिवसांतल्या जागांचा क्रम द्या : बाग, अंगण, डोंगर, कबर. गेथशेमाने, मग मुख्य याजकाचं अंगण जिथे पेत्र येशूला नाकारतो, मग वधस्तंभाचा डोंगर गुलगुथा, मग कबर. जागा बदलली की माणूस चुकत नाही. ही सूचना मी माझ्या नाताळच्या गीताला लावणार आहे.

तिसरं विसरण्यासारखं होतं.

चौथं मावशींचं. चाल त्यांचीच, सरांनी फक्त सा पांढरी चारवर धरायला सांगितला आणि भजनी ठेका दिला. ओळ सांगणाऱ्यानं "तुझीच पेरणी" म्हटलं आणि लोकांनी ती उचलून थांबायचं होतं. थांबले नाहीत. कोपऱ्यातला टोपीवाला एक म्हातारा थेट "देवबापा" वर जाऊन पोचला, त्याच्या मागे पोरं. दुसऱ्या फेरीला शिकवणाऱ्याला काम उरलं नाही. सरांनी मला खूण केली, मी भाता सोडला. गाणं चालूच. उलट पेटी गेल्यावर टाळ्या नीट ऐकू यायला लागल्या. दोन कडवी संपल्यावर त्या म्हाताऱ्यानं तिसरं घातलं, स्वतःचं, शेळ्यांबद्दल. अक्षरं बरोबर होती.

मावशी शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, नियमाप्रमाणे. वही त्यांच्याकडे नव्हतीच. शेजारच्या वसईच्या काकांना म्हणाल्या, "शेळ्यांचं लिहून ठेवा तेवढं."

आता तक्रारी. हाती दिलेली टिपणं मराठी कार्यशाळेत इंग्रजीत, आणि चाली फक्त पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये. पेटीवाल्याला सरगम द्या, गिटारवाल्याला कॉर्ड द्या; पाच रेघांवरचे ते ठिपके खोलीत तिघांना वाचता येत होते. सेंटरच्या पेटीचा भाता गळका आणि काळी तीन दाबली की वर यायची नाही. पट्टीवर दोन तास व्याख्यान आणि पट्टी धरायला ही पेटी! मी दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडीतून काढली. एका खोलीत सहा जण, पंखा एक. बायकांची संख्या कमी, कारण लहान मूल घेऊन येणाऱ्यांची कसलीच सोय नाही. आणि मंडळीत गाणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, हे आयोजकांना सांगावं लागू नये. कार्यशाळेनंतर सरांना गीत दाखवायचं तर कुठे, कसं, याची व्यवस्था शून्य. व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे, त्यावर सध्या फक्त "सुप्रभात" आणि वचनं येतात.

जेवण उत्तम. शनिवारी रात्री मटण आणि बाजरीची भाकरी, त्याच ताईंच्या हातची.

ज्यांना गायक व्हायचंय, अल्बम काढायचाय, त्यांनी इथे पैसे घालवू नयेत; त्यांना शनिवारची दुपार आवडेल आणि बाकी सगळं जुनाट वाटेल. लहान मंडळीत जे पेटी, तबला, संडेस्कूल सांभाळतात आणि सणासुदीला ज्यांच्याकडेच "एखादं नवीन लिहा की" म्हणून येतात, त्यांनी जरूर जावं. जोडीनं गेलात तर बरं, एक शब्दवाला आणि एक वाद्यवाला. अर्धवट झालेलं गीत बरोबर न्या, पूर्ण झालेलं नको. पूर्ण झालेल्याला कुणाचा हात लागू द्यावासा वाटत नाही. आपली पेटी असेल तर ती घ्या. चादर आणि टॉर्चही.

नावनोंदणी फोनवर होते, पैसे आगाऊ भरावे लागतात. पावती आपणहून देत नाहीत, मागून घ्या.